विटांवरची गाडी

आमच्या बाबांना गाडीची हौस नव्हती. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कुणालाही वाटेल की हा माणूस गाड्यांच्या मागे वेडा होता. बाबांना हौस होती ती माझ्या मामाला गाडीत बसवायची. तेही अशा गाडीत की मामाला काही बोलायला जागा उरू नये. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ, आणि काही बोलायला त्याला जागा लागत नसे.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा आम्ही गिरगावातली खोली विकून मीरा रोडला राहायला आलो. दोन खोल्या, स्वयंपाकघर, गॅलरी, आणि सगळं चौथ्या म्हणजे शेवटच्या मजल्यावर. गॅलरीतून मिठागरं दिसायची. लिफ्टसाठी बिल्डरनं तळापासून गच्चीपर्यंत एक उभी पोकळी सोडली होती आणि लिफ्ट लवकरच येणार होती. तोवर त्या पोकळीत लोक सायकली ठेवत. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत की टॉप फ्लोअर मुद्दाम घेतलाय, हवा खेळती राहते. हवा खरंच खेळायची. मिठागरांवरून येऊन खिडकीच्या गजांपासून आईच्या डब्यांच्या झाकणांपर्यंत सगळ्यांना गंज चढवून जायची.

मामानं आमचं घर न बघताच त्याच्यावर मत दिलं होतं. दहिसरच्या नाक्यापलीकडे मुंबईची टॅक्सीसुद्धा जात नाही, तिथे माणसानं कशाला जावं, असं तो म्हणायचा. टॅक्सीवाले खरंच नाक्याशी हात वर करत. बाबांनी एकदा फोनवर त्याला घराचं वर्णन ऐकवलं, चौथा मजला, गॅलरी, वारा. मामानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, जंगलात राहायचं तर झाडावर तरी कशाला चढायचं.

भाऊबीजेला भावानं बहिणीकडे जायचं असतं. आमच्याकडे बहीण ताट घेऊन भावाकडे जायची. आई आपलं निरांजन वर्तमानपत्रात गुंडाळायची, सुपारी, अक्षता, करंज्यांचा डबा, सगळं पिशवीत भरायची आणि आम्ही तिघं गिरगावात जायचो. मामीच्या घरात काय निरांजन नव्हतं? पण ओवाळणार आई होती, तर निरांजन आईचंच हवं. परत येताना ती दरवर्षी तेच सांगायची, की पुढच्या वर्षी नक्की येतो म्हणालाय. तिला दुसरं काही नको होतं. भावानं एकदा तिच्या घरी यावं, तिनं मांडलेल्या पाटावर बसावं आणि तिनं त्याला ओवाळावं, इतकंच. बहिणीचा हा हट्ट पुरवायला कुठल्याही भावाला एक सकाळ पुरली असती. मामाला काही वर्षं पुरली नाहीत.

मला मामाचा राग यायचा. त्याचं घर तळमजल्यावर, रस्त्याला लागून. दारासमोर त्याची आरामखुर्ची. आम्ही गेलो की तो खुर्चीतूनच या म्हणायचा आणि निघालो की खुर्चीतूनच जा. बहिणीला दारापर्यंत सोडायला कधी उठला नाही. मी आईला म्हणायचे की तुझा भाऊ संस्थानिक असल्यासारखा वागतो. आई म्हणायची, त्याचा स्वभावच तसा आहे. कुठल्याही गोष्टीला स्वभाव म्हटलं की आमच्या घरात तिची चौकशी बंद होत असे.

मामा फोर्टमधल्या एका कंपनीतून निवृत्त झाला होता. तिथल्या साहेबाकडे परदेशी गाडी होती आणि मामा तिच्यात काही वेळा बसला होता. साहेब गेला, कंपनी गेली, पण त्या गाडीची चाकं मामाच्या बोलण्यात फिरत राहिली. साधी लोखंडी चाकं नव्हेत, अल्युमिनिअमची, मॅगव्हील. बघून भांग पाडावा अशी लख्ख. दर भाऊबीजेला ओवाळून झालं की ती चाकं निघायची, आणि ती निघाली की बाबा करंजी जास्त जोरात चावायचे. शेवटी मामा म्हणायचा, जावईबुवा, तुम्ही गाडी पाठवा, मी येतो. ज्याच्याकडे गाडी नाही आणि होण्याची लक्षणं नाहीत, त्याला असं सांगायला काही लागत नाही.

बाबांनी गाडी घेतली. नोकरीची शेवटची वर्षं होती. एका सहकाऱ्याची जुनी पांढरी छोटी गाडी त्यांनी घेतली आणि काशीमीऱ्याच्या मैदानावर चालवायला शिकले. ते दुसऱ्या गिअरच्या पुढे जात नसत, कारण तिसऱ्यात गाडी ऐकत नाही असं त्यांचं म्हणणं होतं. घेतल्याच्या दिवशीच त्यांनी मामाला फोन लावला. मामानं अभिनंदन केलं आणि विचारलं, चाकं कसली आहेत?

तिथून हे सगळं सुरू झालं.

काशीमीऱ्याला हायवेच्या कडेनं गॅरेजेस होती आणि त्यांच्या मागे अपघातात चेपलेल्या गाड्यांचे ढीग. त्यातल्या एका ढिगाखालून बाबांनी चार अल्युमिनिअमची चाकं शोधून काढली. गॅरेजवाला म्हणाला, "साब, इम्पोर्टेड माल है." माल कुठूनही आला असो, आल्यापासून तो खाऱ्या वाऱ्यात पडून होता. वरच्या लॅकरचे, म्हणजे चकाकीच्या थराचे, पापुद्रे सुटले होते, आत पांढरी भुकटी धरली होती आणि कोपऱ्यांत ब्रेकची काळी पूड दगडासारखी बसली होती. आमच्या गाडीला भोकं जुळली, एवढाच त्यांचा गुण. बाबांनी बदल्यात आपली लोखंडी चाकं देऊन टाकली, स्टेपनीसकट. मी विचारलं की जुनी ठेवायला काय झालं होतं? बाबा म्हणाले, मागचे दोर कापल्याशिवाय लढाई जिंकता येत नाही. लढाई मामाशी होती हे तेवढ्यात कबूल झालं.

चाकं गॅरेजात रंगवायला द्यायची नाहीत, घरीच करायची, हेही त्यांनीच ठरवलं. ऑफिसात आयुष्यभर दुसऱ्यांची कामं तपासलेल्या माणसाला एक खात्री असते, की ते काम आपण केलं असतं तर जास्त चांगलं झालं असतं. सेक्रेटरीकडून गच्चीची किल्ली घेतली गेली. गाडी विटांवर टेकवून टायर पंक्चरवाल्याकडून सोडवून आणले गेले. पॉलिश पेपर, प्रायमर, चंदेरी रंग, लॅकर, थिनर अशी खरेदी झाली आणि नवरात्राच्या थोडं आधी आम्ही दोघं गच्चीवर गोणपाट अंथरून बसलो. आम्ही दोघं म्हणजे बाबा आणि मी. मी तेव्हा अंधेरीला नोकरी करत होते आणि रविवारी झोपायचा माझा बेत असे.

चाक घासणं हे दिसतं तसं काम नाही. सपाट भाग पटकन होतो आणि माणसाला वाटतं की झालंच. मग आऱ्या येतात, आऱ्यांच्या मधल्या बेचक्या येतात, बोल्टच्या भोकांचे काठ येतात. तिथे कागदाची सुरळी करून बोट घालावं लागतं. आधी खरखरीत कागद, मग बारीक, मग त्याहून बारीक, पाण्यात भिजवून वापरायचा. पाणी हा आमच्याकडे मोठा विषय होता. टँकर येईल तेव्हा पाणी, आणि तेही बायकांच्या डोळ्यांदेखत मोजून वाटलेलं. गच्चीवर चाकं धुण्यासाठी पाणी नेतोय हे कुणाला कळलं असतं तर आम्हाला बिल्डिंग सोडावी लागली असती. म्हणून एका चाकाचं धुवण दुसऱ्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याला असं वापरायचं. चौथं चाक धुताना नेमकं कोण कुणाला धुतंय ते सांगणं कठीण होतं.

माझी बोटं काळी झाली आणि बोटांची टोकं गुळगुळीत. ऑफिसात एकीनं विचारलं, घरी भांडी घासायला बाई नाही का गं? मी म्हटलं, भांडी नाहीत, चाकं आहेत.

पण एक सांगायला हवं. भुकटीखालून धातू वर यायला लागला तेव्हा मला फार छान वाटलं. पांढुरका, मऊ, थोडा दुधाळ असा प्रकाश होता त्याला. बाबा आणि मी त्याआधी कधी एकत्र काही काम केलं नव्हतं. ते बोलत नसत, मीही नाही. मधेच ते माझ्या हातातलं चाक घेऊन उन्हात तिरकं धरत आणि परत देत. परत दिलं म्हणजे अजून घासायचं. मला रविवारची झोप गेल्याचं वाईट वाटेनासं झालं होतं, आणि हे मी घरात कुणाला कळू दिलं नाही.

प्रायमर ब्रशनं लागला. चंदेरी रंग ब्रशनं लावला तर त्यावर शेणानं सारवल्यासारखे फटकारे उठले. पुसला, पुन्हा लावला, पुन्हा तेच. फवाराच हवा, बाबा म्हणाले. फवारायचं यंत्र भाड्यानं आणलं असतं तर ही गोष्ट इथे संपली असती. बाबा खाली गेले आणि डास मारायचा पंप घेऊन आले.

त्या काळी मीरा रोडला हा पंप नसलेलं घर दाखवा आणि बक्षीस घेऊन जा, अशी परिस्थिती होती. पुढे पत्र्याचा गोल डबा, मागे दांडा. डब्यात रॉकेल आणि त्यात मिसळलेलं डासांचं औषध. दिवेलागणीला घराघरातून फुसफुस ऐकू यायची. आमचा पंप काही वर्षं रोज रॉकेल पीत आला होता. बाबांनी तो थिनरनं विसळला, आपण चहाचा कप विसळतो तेवढाच, आणि त्यात चंदेरी रंग भरला.

फवारा इतका सुरेख पडला की मी टाळी वाजवली. आऱ्यांवर, बेचक्यांत, काठांवर एकसारखा चंदेरी थर. त्यावर त्याच पंपानं लॅकर. चारही चाकं गोणपाटावर मांडून आम्ही मागे सरकून पाहिलं. बाबा म्हणाले, साहेबाच्या गाडीला काय वेगळं असणार? मला त्यांचा चेहरा अजून आठवतो. बढती मिळाली त्या दिवशीसुद्धा ते असे दिसले नव्हते.

रंग वाळला नाही. दुसऱ्या दिवशी बोट लावलं तर चिकट, चार दिवसांनीही चिकट. डास येऊन त्यावर बसू लागले आणि बसले ते कायमचेच. म्हणून बाबांनी चाकांवर मच्छरदाणी बांधली. खाली आम्ही तिघं डास मारत झोपत होतो आणि गच्चीवर चाकं मच्छरदाणीत. रंगाला वेळ लागतो, असं बाबा म्हणत. पंपातल्या रॉकेलचं नाव मी काढलं तर ते म्हणाले, सगळ्यात खोट काढायची सवय मामाकडून आलीय.

दसरा उजाडला. दसऱ्याला गाडीची पूजा, आणि पूजेला गाडी उभी हवी तर चाकं हवीत. पंक्चरवाल्यानं जपून टायर चढवले. त्याच्या बोटांचे ठसे उमटले, पण आतल्या बाजूला, म्हणून बाबांनी सोडून दिलं. गाडी कंपाउंडमध्ये भिंतीशी उभी राहिली. झेंडूची माळ चढली, चाकांखाली लिंबं ठेवली गेली. आई नवी साडी नेसून पूजेचं ताट घेऊन खाली आली. बाबांच्या चेहऱ्यावरून मला कळत होतं की चाकांना हात लावू नकोस असं त्यांना सांगायचंय. पण दसऱ्याच्या दिवशी, शेजाऱ्यांसमोर, बायकोला कुंकू लावू नकोस म्हणून कसं सांगणार? ते हात जोडून उभे राहिले. आईनं बॉनेटला स्वस्तिक काढलं, मग एकेका चाकापाशी वाकून हळदीचं बोट टेकवलं, कुंकवाचं टेकवलं, वर अक्षता टाकल्या. तिला हे काम मनापासून करायची सवय आहे. बोटं चांगली दाबली गेली.

दुपारी बाबा ओलं फडकं घेऊन गेले. हळद-कुंकू रंगात बसलं होतं, बोटांच्या रेषांसकट. तांदळाचे दाणेही बसले होते. दाणा उपटला तर खालचा रंग घेऊन येत होता. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं मी म्हटलं ते त्यांना आवडलं नाही. आईला मात्र बरंच वाटलं होतं. दरवर्षी कुंकू संध्याकाळपर्यंत उडून जातं, यंदा टिकलं, असं ती म्हणाली.

भाऊबीज तीन आठवड्यांवर होती. मामाला आमंत्रण गेलं होतं, गाडी न्यायला येणार हे सांगितलं होतं, आणि त्याला नाही म्हणता आलं नव्हतं. आईनं पाट घासून ठेवला होता. मी आणि आई दोघी म्हणालो की चाकं असू द्या अशीच. पण कुंकू लावलेली चाकं बघून मामा काय म्हणेल, ते बाबांच्या कानात आधीच वाजायला लागलं होतं. सगळा रंग काढायचा आणि पुन्हा लावायचा, असं त्यांनी ठरवलं. पुन्हा घासायला मी साफ नकार दिला. तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचे गुजराती काका मदतीला आले. त्यांचं केमिकलचं दुकान होतं. ते म्हणाले, "कॉस्टिक में डुबा दो ने, सब कलर अपने आप निकल जायेगा."

कलर अपने आप निघतो, हे खरं आहे. त्यांना चाकं लोखंडी वाटली होती. बाबांनी चाकं म्हटलं, काकांनी चाकं ऐकलं, आणि कशाची ते दोघांपैकी कुणीच बोललं नाही.

आई भाईंदरला बाजारात गेली होती. चार चाकांना चार वेळा पाणी कुठून आणायचं, म्हणून बाबांनी पाण्याचा निळा ड्रम घेतला, चारही चाकं एकावर एक आत रचली, कॉस्टिक सोडा घातला आणि वर आमच्या वाट्याचं पाणी ओतलं. त्या दिवशी टँकर अर्धाच आला होता. पाणी तिसऱ्या चाकापर्यंत पोचलं आणि संपलं. चौथं चाक वर कोरडंच राहिलं. त्याला नंतर बघू, असं म्हणून बाबा जेवायला आणि जेवून आडवे व्हायला खाली आले.

आम्ही परत वर गेलो तेव्हा ड्रम फसफसत होता आणि गरम झाला होता. बाबा आधी खूश झाले, की काम चाललंय. मग त्यांनी काठीनं एक चाक वर काढलं. रंग गेला होता, हे नाकारता येणार नाही. रंगाबरोबर आमचे रविवारही गेले होते. धातू काळाठिक्कर पडला होता, देवीचे वण असावेत तसे खड्डे पडले होते आणि बोल्टच्या भोकांचे काठ कुरतडले गेले होते. तिन्ही चाकं तशीच. वरचं चौथं तेवढं शाबूत, चंदेरी, हळद-कुंकू आणि तांदळासकट.

आई बाजारातून आली, पिशवी खाली ठेवली आणि ड्रममध्ये डोकावली. मग म्हणाली की अल्युमिनिअमच्या पातेल्याला सोडा लावत नाहीत हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही? कुणी सांगितलं नव्हतं. स्वयंपाकघरात बाबा पाणी प्यायला यायचे.

टायर जिन्याच्या वळणावर रचले गेले. गाडी कंपाउंडमध्ये पुन्हा विटांवर चढली. जुनी लोखंडी चाकं काशीमीऱ्याच्या गॅरेजवाल्यानं केव्हाच विकून टाकली होती. बिल्डिंगमधला प्रत्येक जण जाता-येता गाडीला काय झालं विचारायचा, आणि प्रत्येकाला बाबा वेगळं उत्तर द्यायचे. आईनं पाट परत आत ठेवला. ती बाबांना काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटत होतं.

दिवाळीत बाबांना मामाला फोन करावाच लागला. आई म्हणाली, तुम्हीच सांगा. मला वाटलं, बाबा म्हणतील गाडी सर्व्हिसिंगला दिलीय. पण त्यांना खोटं नीट बोलता येत नसे, एका खोट्यात अडकले की सगळं खरं सांगून सुटायचे. त्या दिवशीही तसंच झालं. पंप, मच्छरदाणी, दसरा, कुंकू, ड्रम, सगळं त्यांनी सांगितलं, मान खाली घालून, चौकशी समितीपुढे उभं असल्यासारखं. पलीकडून हसण्याचा आवाज यायला लागला. रिसीव्हर बाबांच्या कानाला होता तरी आम्हाला ऐकू येत होता. मामाला हसता हसता ठसका लागला, मामीनं पाणी दिलेलं कळलं, मग पुन्हा हसणं. त्यानं मधेच एक विचारलं, तांदूळसुद्धा चिकटले का? बाबा म्हणाले, हो, तांदूळसुद्धा. मग फोन ठेवला गेला. बाबा म्हणाले, चला, यांची दिवाळी तरी गोड झाली.

भाऊबीजेला सकाळी आईनं नेहमीसारखं निरांजन वर्तमानपत्रात गुंडाळलं. पिशवी भरली, घराला कुलूप लावलं आणि आम्ही खाली उतरलो. फाटकाशी काळी-पिवळी टॅक्सी उभी होती. मीरा रोडला काळी-पिवळी टॅक्सी. तिच्या मागच्या सीटवर मामा बसला होता.

दहिसरच्या पलीकडे यायला त्यानं टॅक्सीवाल्याला कसं पटवलं ते कधीच सांगितलं नाही. आम्हाला बघून म्हणाला, ती चाकं बघायला आलोय. बाबा उलट्या पावली गच्चीकडे धावले.

मग मामा टॅक्सीतून उतरायला लागला. त्याला खूप वेळ लागला. आधी एक पाय बाहेर आला, मग काठी आली, मग टॅक्सीवाल्यानं येऊन त्याला काखेत धरलं. मी मामाला गेली काही वर्षं चालताना पाहिलंच नव्हतं हे मला तेव्हा कळलं. खुर्चीतून या, खुर्चीतून जा. एक पाऊल, मग थांबणं, मग दुसरं. फाटकापासून आमच्या गाडीपर्यंत काही अंतर नव्हतं, पण गाडीपाशी पोचेस्तोवर त्याला घाम फुटला होता. गाडीच्या मागेच जिन्याचं दार होतं आणि त्याच्या शेजारी लिफ्टची पोकळी, सायकलींसकट.

बाबा काळं चाक एका हातात आणि कुंकवाचं दुसऱ्या हातात घेऊन धापा टाकत आले. मामानं दोन्ही नीट पाहिली, कुंकवाच्या ठशावर बोट फिरवलं आणि पुन्हा पोटभर हसला. जावईबुवा, आमच्या साहेबाच्या गाडीला हे नव्हतं, असं म्हणाला. आईला हसू येत नव्हतं. ती म्हणाली, "दादा, चल ना वर."

मामा म्हणाला, तू हो पुढे, मी जरा टेकतो. आणि विटांवरच्या गाडीचं दार उघडून तो पुढच्या सीटवर बसला. तो समोरच्या काचेतून भिंतीकडे बघत राहिला. जिन्याकडे त्यानं पाहिलंच नाही.

आई दोन पायऱ्या चढली होती. ती तिथेच थांबली. पिशवी तिच्या हातात होती. ती वर वळलेल्या जिन्याकडे बघत होती आणि मला दिसलं की तिला सगळं एकदम कळलंय. टॅक्सी, नाका, जंगल, झाड, सगळं. मलाही कळलं. इतकी वर्षं मी त्याला संस्थानिक म्हणत आले होते.

ती खाली उतरली आणि तिनं गाडीच्या बॉनेटवर ताट मांडायला घेतलं. गाडीचं तोंड दक्षिणेला होतं. दक्षिणेकडे तोंड करून माणसाला ओवाळत नाहीत, आणि गाडी वळवावी तर तिला चाकं नव्हती. बाबा खरोखर विचारात पडले. शेवटी आईनं मामाला डाव्या दाराकडे पाय बाहेर काढून बसायला लावलं, म्हणजे तोंड पूर्वेला झालं. पायांखाली पाट म्हणून काळं चाक ठेवलं. वाऱ्यानं निरांजन राहीना, तेव्हा बाबा आणि मी दोन बाजूंनी पदर-टॉवेल धरून उभे राहिलो. आईनं त्याला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं.

"जिन्याचं बोलला असतास, तर मीच खाली आले असते," ती म्हणाली.

मामा ताटातल्या ज्योतीकडे बघत होता. "तू गिरगाव सोडून निघालीस तेव्हा जाऊ नकोस म्हणायचं होतं," तो म्हणाला. "ते नाही बोललो. मग गुडघ्यांचं काय बोलायचं."

आईचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसले नाहीत, कारण दोन्ही हातांत ताट होतं.

जेवण खालीच झालं. मी चौथ्या मजल्यावरून वाट्या आणत होते आणि बिल्डिंगमधली सगळी गॅलऱ्यांत उभी राहून बघत होती. बाबा गाडीत मामाच्या शेजारी स्टिअरिंगपाशी बसून श्रीखंड खात होते. दोघं सगळा वेळ साहेबाच्या गाडीबद्दल भांडत होते.

पुढे बाबांनी ती तीन चाकं घासून काळ्या रंगात रंगवली, ब्रशनं, म्हणजे खड्डे दिसेनात. चौथ्याला त्यांनी हात लावला नाही. ते डावीकडे पुढे, मामा बसला त्या दाराशी बसवलं. गाडी बाजारापर्यंत जाऊन यायची. मामाला आणायला ती एकदाही गेली नाही. मामा दरवर्षी टॅक्सीनं यायचा, गाडीत बसायचा, ओवाळून घ्यायचा, जेवायचा आणि जायचा. दसऱ्यानंतर बाबा गाडी मुद्दाम दक्षिणेकडे तोंड करून लावून ठेवत. इंजिन पार थकलं तेव्हा त्यांनी ती विकायचं काढलं, तर आई म्हणाली, मग दादा बसणार कुठे? गाडी राहिली.

नव्वदचं दशक संपता संपता मामा गेला. त्याच वर्षी सोसायटीनं पोकळीतल्या सायकली काढल्या आणि लिफ्ट बसवली. लवकरच येणार म्हणाले होते, ते खोटं नव्हतं.

त्या भाऊबीजेला सकाळी आई ताट घेऊन दाराशी गेली. जिला भाऊ नाही तिनं चंद्राला ओवाळायचं असतं, आणि आमच्या गॅलरीतून चंद्र चांगला दिसतो, हे बाबांनी तिला हळूच सांगितलं. ती म्हणाली, चंद्राला संध्याकाळी ओवाळेन, आधी खाली जाऊन येते. लिफ्टचं दार बाबांनी उघडून धरलं होतं. ती जिन्यानं गेली. आम्ही दोघं तिच्या मागे उतरलो.

गाडीचं डावं दार तिनं उघडलं आणि सीटवरची धूळ पदरानं झटकली. मग वाकून तिनं त्या चौथ्या चाकावर, जुन्या ठशाच्या शेजारी, कुंकवाचं बोट टेकवलं आणि चांगलं दाबलं. अक्षता टाकल्या. त्या खाली घरंगळल्या, आणि कुंकूही वाऱ्यानं उडून सिमेंटवर सांडलं.

बाबांनी वाकून चाकाला बोट लावून पाहिलं. रंग आता पक्का वाळला होता.